ब्रेक पॅड: लोखंडी सहाणेवरचं चंदन

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या पेपरांत अधूनमधून एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: 'ब्रेक निकामी झाल्याने वाहनावरील नियंत्रण सुटले.' कधी कसारा घाट, कधी चांदवडजवळचा राहुड घाट. वाचणाऱ्याला वाटतं, सायकलची ब्रेकवायर तुटावी तसं काहीतरी कटकन तुटलं असणार. त्या बातम्यांतली वाहनं बरेचदा ट्रक असतात, त्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पण आपल्या कारचा ब्रेक असा अचानक दगा क्वचितच देतो. आधी कित्येक महिने तो कुरकुरत असतो, आणि आपण गाण्यांचा आवाज वाढवतो.

ही कुरकुर बहुतेक वेळा पुढच्या चाकांतल्या ब्रेक पॅडची असते. गाडीतला हा एक स्वस्त, साधा भाग. तो बदलायचं काम ज्याला स्टेपनी बदलता येते त्याला समजायला अजिबात अवघड नाही. स्वतः करायचं की नाही ते नंतर बघू.

ब्रेक नेमकं काय करतो

गाडी थांबते तेव्हा तिचा वेग कुठे जातो? नाहीसा होत नाही. त्याची उष्णता होते. हात चोळले की तळवे गरम होतात, तेवढंच हे शास्त्र.

माणसं धरून बाराशे किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर जवळजवळ एक लिटर पाणी उकळेल. एका ब्रेकमध्ये एक पातेलं चहा. आता इगतपुरीहून कसाऱ्याला उतरा. उंचीतला फरक साधारण तीनशे मीटरचा. रेल्वेला इथे 37 फुटांमागे 1 फूट अशी चढण आहे आणि गाड्यांना मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावावी लागतात, ती काही उगाच नाही. हा सगळा उतार तुम्ही केवळ ब्रेकवर उतरलात, तर अकरा-साडेअकरा लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता चार चाकांतल्या ब्रेकना पचवावी लागते. थोडी वाऱ्याच्या अडथळ्यात जाते, पण बाकीची तिथेच.

वेगाचं गणित त्याहून वाईट. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मर्यादा आहे. 80 ऐवजी 120 म्हणजे वेग दीडपट, पण थांबताना निघणारी उष्णता सव्वादोनपट. इगतपुरीचा बोगदा झाल्यापासून पुष्कळांना घाट लागत नाही म्हणून ब्रेकची काळजी मिटली असं वाटतं. ती फक्त दुसरीकडे गेली आहे.

सहाण आणि खोड

चाक काढलं की आत दिसणारी स्टीलच्या थाळीसारखी चकचकीत चकती म्हणजे डिस्क. चाकाबरोबर ती फिरते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो: पोलादी पट्टीवर चिकटवलेला, घर्षणासाठीच बनवलेला काळसर मसाला. आणि हे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा लोखंडी पंजा म्हणजे कॅलिपर. तीनच नावं लक्षात ठेवा, लेख संपेपर्यंत पुरतील.

देवघरातली सहाण आणि चंदनाचं खोड आठवा. खोड झिजतं, कारण ते झिजण्यासाठीच आहे. सहाण वर्षानुवर्षं टिकते, पण तिलाही हळूहळू खळगा पडतोच. पॅड म्हणजे खोड, डिस्क म्हणजे सहाण. फरक एवढाच की खोड संपलं तर आपण नवं आणतो. पॅड संपला तरी लोक चालवत राहतात, आणि मग मसाल्याच्या मागची पोलादी पट्टी डिस्कवर घासू लागते. लोखंडावर लोखंड. हजार-अडीच हजारांचं काम तिथून पुढे दुप्पट-तिप्पट होतं, आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं ते वेगळंच.

पेडलपासून कॅलिपरपर्यंत जोर पोचवतं ते नळीतलं द्रव. त्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, आपणही म्हणू, पण ते तेल नाही. त्यात चुकूनही इंजिन ऑइल ओतू नका, आतली सगळी रबरं फुगून बसतील. दोन सिरिंज एका नळीने जोडून पाणी भरलं आणि एक दाबली की दुसरीचा दट्ट्या सरकतो, हे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाहिलं असेल. तसंच हे. कॅलिपरमधला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आतला पॅड ढकलतो.

मग बाहेरचा पॅड कोण दाबतं? इथे मला स्वतःला बरीच वर्षं कोडं होतं. बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. पण कॅलिपर घट्ट बसवलेला नसतो. दोन पिनांवर तो ड्रॉवरसारखा आत-बाहेर सरकतो. पिस्टनने आतला पॅड डिस्कला टेकवला की उलट जोराने अख्खा कॅलिपर आतल्या अंगाला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून टेकवतो. सुताराच्या क्लॅम्पला स्क्रू एकाच बाजूला असतो, पण फळी दोन्हीकडून आवळली जाते ना, तसंच.

या पिना सुकल्या, गंजल्या की ड्रॉवर अडकतो. मग आतला पॅड एकटाच राबतो आणि एकटाच संपतो. बाहेरून बघणाऱ्याला बाहेरचा जाडजूड पॅड दिसतो आणि तो निर्धास्त होतो. ही चूक फार सर्रास होते.

पुढचेच पॅड आधी का संपतात

एसटीत उभं राहून प्रवास केला असेल तर उत्तर माहीत आहे. ब्रेक लागला की सगळे पुढे झुकतात. गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर येतं, त्यामुळे थांबवण्याचं साठ-सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात. म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे साधे ड्रम असतात.

किती किलोमीटरला बदलायचे?

हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. तीस ते पन्नास हजार किलोमीटर असा ढोबळ आकडा सांगतात, पण द्वारका ते मुंबई नाका रोज सकाळी रांगेत सरकणाऱ्याचे पॅड आणि गंगापूर रोडने निवांत जाणाऱ्याचे पॅड एकाच वेळी कसे संपतील? वणीच्या गडावर दर पौर्णिमेला जाणारा एखादा माणूस नांदुरीपर्यंतचा उतार सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरत असेल, तर त्याचं गणित आणखी निराळं.

आकडा बघू नका, पॅड बघा. नव्या पॅडवर मसाला साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो. तीन मिलिमीटर उरला की बदलायचा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, जेमतेम तेवढी जाडी. मोजताना फक्त मसाला मोजा, मागची पोलादी पट्टी धरू नका. अलॉय व्हील असेल तर मोबाइलच्या टॉर्चने आऱ्यांमधून दिसतं; स्टीलच्या चाकात फटीतून डोकावावं लागतं. पण आतला पॅड नीट बघायचा तर चाक काढणंच बरं. टायरची अदलाबदल करताना चाकं निघतातच. त्या दोन मिनिटांत खुर्चीवर बसून रील बघण्यापेक्षा उठून चाकाशी जा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेणारी कितीतरी माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांतल्या एकानेही आपल्या गाडीचा पॅड कधी पाहिलेला नव्हता.

डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालं तर भरायचं का?

मी भरलं होतं. बॉनेटखालच्या पारदर्शक डबीतली पातळी खालच्या रेषेकडे आलेली दिसली, बाटली आणली, वरच्या रेषेपर्यंत भरलं आणि गाडीची फार काळजी घेतल्याचं समाधान मानलं. सात-आठ महिन्यांनी पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला आणि डबीतून ते सगळं भसाभसा बाहेर आलं. बॉनेटखालच्या रंगावर पडलं. ब्रेक ऑइल रंग खातं, हे तेव्हा शिकलो. तो डाग अजून आहे.

झालं होतं काय? पिस्टनभोवती रबराची एक रिंग असते, कुकरच्या रिंगेच्या जातीची. पेडल दाबलं की पिस्टन पुढे जाताना ती जराशी पिळली जाते, पाय काढला की सुलट होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. मनगटाच्या कातडीवर बोट टेकवून हळूच सरकवा, कातडी बोटाबरोबर जाते आणि सोडलं की मागे येते. तेवढीच ती हालचाल. पॅड झिजत गेला की पिस्टन रिंगेतून थोडा पुढे घसरतो आणि नवी जागा धरतो. म्हणून डिस्क ब्रेक सायकलसारखा अधूनमधून आवळावा लागत नाही. पण पिस्टन जितका पुढे, तितकी त्याच्यामागची पोकळी मोठी, आणि ती भरायला ऑइल डबीतून जातं.

म्हणजे गळती नसताना डबीतली पातळी हळूहळू उतरली, तर तो पॅड झिजल्याचा निरोप असतो. मी तो निरोपच बुजवून टाकला होता. पातळी फारच खाली गेली की वळणावर डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा लुकलुकतो, तोही याच कारणाने. पातळी एकाएकी उतरली, किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर मात्र ती गळती. तेव्हा गाडी हलवू नका.

बदलताना काय करतात

तुम्ही हे स्वतः केलं नाही तरी गॅरेजमध्ये उभं राहून बघता यावं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी पॅड घेताना मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांत, पेट्रोल-डिझेलमध्ये कॅलिपर वेगळा असू शकतो. आरसीवरचा चासी नंबर दुकानदाराला दाखवा आणि पक्कं बिल घ्या. संचात चार पॅड असतात, दोन्ही चाकांचे. लहान गाडीसाठी साधारण हजार ते अडीच हजारांत संच येतो.

गाडी सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक लावून. हँडब्रेक मागची चाकं धरतो, म्हणून मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळेही लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक. जॅकवर विसंबून राहू नये. खाली घोडा, म्हणजे जॅकस्टँड, लावायचा, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं. जॅक निसटला तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही.

स्टिअरिंग वळवलं की कॅलिपर समोर येतो. खालच्या पिनेचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत कॅलिपर दरवाजासारखा वर उचलता येतो. पूर्ण काढावा लागला तर तो रबरी नळीवर लोंबकळत सोडायचा नाही. तारेने स्प्रिंगला बांधायचा. नळीला आतून चीर गेली तर बाहेरून कळतही नाही. जुने पॅड काढण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवा. बारीक क्लिपा, पातळ पत्रे, आवाज करणारी पट्टी कुठल्या बाजूला होती, हे पाच मिनिटांनी आठवत नाही.

आत साचलेली काळी पूड तोंडाने फुंकायची नाही, हवेच्या पाइपनेही उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसांना घातक. आताची पूडही छातीत जावी अशी नाही. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

आता पिस्टन. नवे पॅड जाड, त्यामुळे पिस्टन मागे ढकलल्याशिवाय ते बसणारच नाहीत. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून क्लॅम्पने सावकाश दाबायचं आणि एक डोळा डबीवर ठेवायचा. डबी काठोकाठ आली तर सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्यायचं. पिस्टन सरकतच नसेल किंवा त्याच्यावरची रबरी टोपी फाटलेली असेल, तर काम तिथेच थांबवून जाणकाराला बोलवा.

मग ते काम, जे घाईत टाळलं जातं: दोन्ही पिना बाहेर काढून पुसायच्या, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावायचं, हाताने सरकतात का बघायचं. साधं ग्रीस उष्णतेने वितळतं आणि रबर फुगवतं. मी गॅरेजमध्ये गेलो तर एवढीच गोष्ट विचारतो, 'पिना काढल्या का?' पॅडच्या आणि डिस्कच्या घासणाऱ्या अंगाला मात्र ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. ग्रीसने माखलेल्या बोटांनी पॅड धरू नका.

पॅड बसले, कॅलिपर बसला, चाक चढलं. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर. पान्यावर पाय देऊन उभं राहायची आपल्याकडे पद्धत आहे. तिने स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते आटे, ताणले जातात. जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, घेऊन नट पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळावेत.

आणि आता, इंजिन सुरू करण्याच्याही आधी, ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं, ते कडक होईपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्यांदा पाय थेट तळाला जातो. हे विसरून ज्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली, त्याच्याकडे ब्रेक नसतोच. अख्ख्या कामात इतकी सोपी आणि इतकी महाग पडणारी दुसरी चूक नाही.

'एकाच बाजूचा संपलाय, एकच बदला ना'

नाही. उजवीकडे नवा आणि डावीकडे अर्धा झिजलेला पॅड असला, तर दोन्ही बाजू सारख्या धरत नाहीत आणि जोरात ब्रेक लागला की गाडी एका अंगाला ओढते. ओल्या रस्त्यावर हे फारच धोक्याचं. पुढचे चारही एकदम. आणि एकच बाजू का संपली, त्याचं उत्तर बहुधा त्या अडकलेल्या पिनांत सापडेल.

'माझ्या गाडीला एबीएस आहे'

2019 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे. पण एबीएसचं काम चाक जाम होऊ न देणं, म्हणजे जोरात ब्रेक मारतानाही स्टिअरिंग हातात राहतं. पकड मात्र पॅडचीच.

'गॅरेजवाला डिस्कही बदलायला सांगतोय'

कधी खरं असतं, कधी नसतं. डिस्कवर किंवा तिच्या मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. नवी डिस्क आणि ही मर्यादा यांत साधारण दोनच मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणून नजरेने कळत नाही, मायक्रोमीटर लागतो. व्हर्नियर काठावर उठलेल्या ओठाला अडकतो आणि माप जास्त दाखवतो. नाशिकमध्ये मायक्रोमीटरवाला माणूस शोधायला लांब जावं लागू नये. माप मर्यादेच्या वर असेल, खोल चरे किंवा तडे नसतील आणि ब्रेक मारताना पेडल थरथरत नसेल, तर डिस्क राहू द्या. गॅरेजवाल्याला 'माप दाखवा' म्हणण्यात अपमान कुणाचाच नाही.

'सकाळी पहिल्यांदा खरखर आवाज येतो, म्हणजे संपले?'

पावसाळ्यात रात्रीतून डिस्कवर गंजाचा तांबूस थर येतो आणि दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. काळजी नको. ब्रेक लावताना रोज येणारा बारीक 'चीं' आवाज वेगळा. पुष्कळ पॅडना एक वाकवलेली पट्टी असते, मसाला संपत आला की ती डिस्कला टेकून किंचाळते. मुद्दाम तशी केलेली आहे. खरवडल्यासारखा 'घर्र' ऐकू आला तर पट्टीचं किंचाळणंही केव्हाच संपलेलं असतं.

नवे पॅड टाकले, आता घाट बिनघोर?

नवा पॅड आणि जुनी डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. नव्या चपलेसारखं. पहाटे गंगापूर धरणाच्या बाजूला रस्ता रिकामा असताना, मागे कुणी नाही हे बघून, पन्नासवरून दहापर्यंत बेताने वेग कमी करायचा, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. त्यानंतरचे काही दिवस करकचून ब्रेक टाळायचा. त्याच दिवशी कसारा उतरू नये.

शिवाय पॅड नवे असले तरी उष्णतेचा हिशोब बदलत नाही. पॅड फार तापले की पकड ढिली होते, जळका वास येतो. त्याहून वाईट अवस्था ऑइलची. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्याला मात्र 155 अंशांचाच भरवसा असतो. उकळलं की वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ तळाला जातो. पेपरवाल्यांच्या 'ब्रेक निकामी'मागे कधी कधी हेही असतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून घ्यायचं. वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे.

उतारावर इंजिनला काम द्या: जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढलात तो दुसऱ्यातच उतरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. इंजिनच बंद केलं तर दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, कारण पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर इंजिनवर चालतो. जळका वास आला तर सुरक्षित, रुंद जागा बघून थांबा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

स्वतः पॅड बदलावेत का? पहिल्यांदा तरी, आधी केलेला माणूस शेजारी असेल तरच. आणि कुणीही बदलले असोत, शंभर-एक किलोमीटर झाल्यावर चाकाच्या नटांना पुन्हा एकदा पाना लावून बघा.